‘पुरेशा’ पाण्याची गोष्ट

मुंबई महापालिकेचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो कायदा १८८८ सालचा आहे. फिरोजशहा मेहतांसारख्यांच्या खटपटीतून तो घडला. महापालिकेने कोणती कामे केलीच पाहिजेत, याची यादी त्याच्या एकसष्टाव्या कलमात दिली आहे. रस्ते, गटारे, दिवे, स्मशाने, दवाखाने आणि पाणी. पाण्याबद्दल बोलताना मूळ इंग्रजी कायद्याने एक साधे विशेषण वापरले आहे. मराठीत त्याचा अर्थ होतो ‘पुरेसा’. सार्वजनिक आणि खाजगी वापरासाठी पुरेसा पाणीपुरवठा व्हावा म्हणून लागतील ती बांधकामे करणे हे महापालिकेचे कर्तव्य आहे, असे हे कलम सांगते.

कवितेत असा शब्द आला, तर वाचणाऱ्याने आपल्या अनुभवाप्रमाणे त्याचा अर्थ लावावा, एवढेच कवी म्हणेल. कायद्यात तसे चालत नाही. पुरेसे म्हणजे किती आणि मुख्य म्हणजे कोणाला पुरेसे, हे कोणीतरी ठरवावे लागते. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत मुंबईच्या सभागृहात पाण्यावरून जे वाद झाले, ते या एका शब्दाच्या अर्थाचे वाद होते असे मला वाटते. त्या वादात उपनगरांचा आवाज फार उशिरा पोहोचला. तो कसा पोहोचला आणि कोणी पोहोचवला, ते आज सांगायचे आहे.

पाणी उपनगराचे, नळ शहराचे

प्रारंभ शहरापासून करावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरी आणि तलावांवर जगत होते. १८५४ च्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि सरकारला जाग आली. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मूळ एका सार्वजनिक पंपात शोधून काढले होते. शहराचे आरोग्य पाण्यावर अवलंबून असते, हे जगाला कळू लागले होते. मुंबईने बेटाबाहेर, साष्टीच्या डोंगरांकडे पाहिले. मिठी नदी जिथे उगम पावते तिथे बांध घालून १८६० मध्ये विहार तलाव पूर्ण झाला. तो अपुरा पडला म्हणून १८७९ मध्ये तुळशी. पुढे १८९० च्या सुमाराला पवई, पण त्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे निघाले नाही. मग १८९२ मध्ये शहापूरकडचा तानसा.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. विहार, तुळशी आणि पवई हे तिन्ही तलाव आजच्या उपनगरात आहेत. तानशाची मोठी जलवाहिनी मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुर्ला अशी उपनगरातूनच शहराकडे जाते. म्हणजे पाणी उपनगराच्या जमिनीतून, उपनगराच्या दारावरून जात होते. मात्र त्या वेळी हा भाग मुंबई महापालिकेच्या हद्दीतच नव्हता. सायन आणि माहीमच्या पलीकडे महापालिकेचा अंमल संपत असे. कायद्यातला ‘पुरेसा’ हा शब्द खाडीच्या अलीकडच्या लोकांसाठी होता.

याच काळात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे महापौर जोसेफ चेंबरलेन यांनी खाजगी कंपनीकडून पाणीपुरवठा काढून तो नगरपालिकेकडे घेतला. तिथला वाद कंपनीचा की नगरपालिकेचा, असा होता. आपल्याकडचा वाद वेगळा होता. पाणी सरकारी आणि नगरपालिकेचेच होते, पण कोणाची हद्द कुठे संपते यावर कोणाला प्यायला मिळणार हे ठरत होते.

छोट्या नगरपालिकांचा काळ

उपनगरे तेव्हा अगदीच बेवारशी होती असे मात्र नाही. वांद्र्याला १८७६ पासून स्वतःची नगरपालिका होती. पुढे कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा नगरपालिका झाल्या. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हाही झाला. रेल्वेने माणसे आणली. दादर-माटुंग्यात जागा परवडेना तेव्हा पार्ल्यात, अंधेरीत, घाटकोपरला, मुलुंडला बैठी घरे आणि चाळी उभ्या राहिल्या. या छोट्या नगरपालिकांत चर्चा चालायची ती विहिरी साफ करण्याची, कंदिलांच्या जागी विजेचे दिवे लावण्याची, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी टाकण्याची. सदस्य गावातलेच असत. त्यांना रस्त्यात अडवून जाब विचारता येत असे. पैसा मात्र तुटपुंजा होता. एक धरण बांधण्याची ऐपत यांतल्या एकाही नगरपालिकेची नव्हती.

मोठे शहर हवे, म्हणजे मोठी कामे होतील, हा विचार स्वातंत्र्याच्या आसपास बळावला. महापालिकेचे अभियंते नी. वि. मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर यांनी १९४८ मध्ये बृहन्मुंबईचा आराखडा मांडला. १५ एप्रिल १९५० रोजी महापालिकेची हद्द पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत वाढली. १ फेब्रुवारी १९५७ रोजी ती आणखी वाढली आणि गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर आणि पलीकडे मुलुंड मुंबईत आले. त्या दिवशी अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या कायद्यातला ‘पुरेसा’ हा शब्द गोरेगावच्या आणि मुलुंडच्या माणसालाही लागू झाला.

कागदावर लागू झाला, एवढेच. मोडकांच्याच नावाने पुढे ओळखला गेलेला वैतरणेवरचा मोडकसागरही १९५७ मध्येच पूर्ण झाला, आणि शहरात येणारे पाणी वाढले. पण धरणातले पाणी घरात पोहोचायला मधे टाक्या लागतात, मोठ्या वाहिन्या लागतात, गल्लीगल्लीतल्या बारीक वाहिन्या लागतात. त्यांचे जाळे शहरात शंभर वर्षांत विणले गेले होते. नव्या उपनगरांत ते शून्यातून विणायचे होते. कोणती वाहिनी आधी टाकायची, याचा निर्णय बोरीबंदरसमोरच्या त्या देखण्या दगडी इमारतीत होणार होता. गोरेगावचा माणूस आता त्या इमारतीला कर भरत होता. पूर्वीसारखे सदस्याला रस्त्यात गाठून विचारणे मात्र संपले होते.

सभागृहाची ताकद आणि मर्यादा

इथे सभागृहाच्या रचनेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांचा समज असतो की नगरसेवक ठरवतात आणि लगेच काम होते. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त झाले. त्यांनी कामे धडाक्याने केली आणि पैसाही तसाच उधळला. करदाते खवळले. त्यातून १८७२ चा कायदा आला आणि चौसष्ट सदस्यांची महापालिका झाली. त्यांतले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे होते. पुढे १८८८ च्या कायद्याने एक तोल साधला. सभागृहाने धोरण ठरवावे, पैसे मंजूर करावेत, प्रश्न विचारावेत आणि अंमल आयुक्ताने करावा. आयुक्त सरकारने नेमलेला. आजही रचना तीच आहे.

मतदारही सुरुवातीला मोजके होते. आधी मोठे करदाते, मग ठरावीक भाडे भरणारे भाडेकरू. सर्व प्रौढांच्या मताने निवडलेले पहिले सभागृह १९४८ मध्ये आले. म्हणजे गिरणीतला कामगार आणि त्याची बायको यांना आपल्या नळाबद्दल बोलणारा माणूस निवडण्याचा हक्क मिळाला, त्याला अजून ऐंशी वर्षेही झालेली नाहीत.

अंमलाचा अधिकार नसलेल्या नगरसेवकाच्या हातात मग उरते काय? त्याचा आवाज. प्रश्न, ठरावाची सूचना, हरकतीचा मुद्दा, सभा तहकुबी ही त्याची हत्यारे. अर्थसंकल्पावरच्या भाषणात आपल्या विभागाचे नाव पुन्हा पुन्हा घ्यायचे, समितीत प्रस्ताव अडवायचा, अधिकाऱ्याला उत्तर द्यायला उभे करायचे. बाहेरच्या माणसाला हे सगळे वेळकाढूपणाचे वाटते. पण ज्या भागाचे नाव सभागृहात कोणी घेत नाही, त्या भागाची वाहिनी यादीत खाली सरकत राहते. हे उपनगरांनी अनुभवाने शिकले.

पाणीवाली बाई

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने महापालिका जिंकली आणि आचार्य मो. वा. दोंदे महापौर झाले. सभागृहात आणि बाहेर मुख्य प्रश्न मराठी राज्याचा होता, आणि तो तसा असणे स्वाभाविकही होते. राज्य झाले १९६० मध्ये. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, गोरेगावातून एक तेहतीस वर्षांची बाई महापालिकेवर निवडून आली. मृणाल गोरे. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडलेल्या, समाजवादी चळवळीत वाढलेल्या. पती केशव ऊर्फ बंडू गोरे १९५८ मध्ये गेले होते. पदरी लहान मुलगी होती.

मृणालताईंनी पाण्याचा प्रश्न हाती घेतला तो घराघरातल्या बायकांच्या तोंडून ऐकून. पाणी भरण्याचे काम बायकांचे, आणि सभागृहात बसणारे बहुतेक पुरुष. पाण्याला किती वाजता उठावे लागते, रांगेत किती वेळ जातो, भांडण कशावरून होते, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असावे. मृणालताईंनी हे जगणे सभागृहात आणले आणि सभागृहाबाहेर त्या बायकांनाच आणले. रिकामे हंडे घेऊन निघणारे मोर्चे आज आपल्याला नेहमीचे वाटतात. त्या काळात संसारी बायकांनी घर सोडून, लोकल पकडून, हंडा-कळशी घेऊन अधिकाऱ्याच्या दारात बसणे ही मोठी गोष्ट होती. रिकाम्या हंड्यापुढे आकडेवारी टिकत नसे.

गोरेगावला पाणी आले आणि लोकांनी त्यांना नाव दिले, ‘पाणीवाली बाई’. मला या नावातला आपलेपणा फार आवडतो. पदव्या पुष्कळांना मिळतात. पण भांडीवाली, भाजीवाली म्हणावे तसे सहज ‘पाणीवाली’ म्हणून हाक मारली जाणे फार थोड्या लोकप्रतिनिधींच्या वाट्याला येते. पुढे १९७२ मध्ये त्या विधानसभेवर गेल्या, महागाईविरोधात अहिल्याताई रांगणेकरांसह बायकांचे लाटणे-मोर्चे काढले, आणीबाणीत तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा इंदिरा गांधींचा पराभव झाला होता. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा त्या वेळी मुंबईभर झाली. १७ जुलै २०१२ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षीच्या महापालिका निवडणुकीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या होत्या. अधिकार टिकवण्यासाठी कायदा लागतो हे खरे, पण पाण्याचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे त्या कायद्याच्या आधी पन्नास वर्षे या बायकांनी दाखवून दिले होते.

पाणी ‘येते’ म्हणजे काय

मराठीत आपण म्हणतो, ‘पाणी आले’, ‘पाणी गेले’. पाहुणा यावा-जावा तसे. चोवीस तास नळ वाहणाऱ्या शहरातल्या भाषेत हा प्रयोग रुजणार नाही. मुंबईत प्रत्येक भागाची पाण्याची वेळ असते. डोंगरावरच्या टाक्या भरतात, मग महापालिकेचा चावीवाला रस्त्यातल्या झाकणाखालची चावी फिरवतो आणि एका भागाचे पाणी सुरू होते. काही तासांनी ती बंद करून दुसरी उघडतो. वाहिनीच्या सुरुवातीला असलेल्या इमारतीला जोर मिळतो, तर शेवटच्या टोकाला आणि चढावर धार बारीक होते. कोणी मधेच पंप लावला तर तीही आटते. एकाच विभागाला मिळणारा आकडा कागदावर ‘पुरेसा’ असतो आणि त्याच विभागातल्या टेकडीवर हंडा अर्धा राहतो.

आमचे लहानपण अशाच एका उपनगरी टेकडीवरच्या वस्तीत गेले. कोकणातून आलेली कुटुंबे, देशावरून आलेली, उत्तरेकडून आलेली. नळ एक, घरे वीस-बावीस. पाणी पहाटे चारच्या आधी यायचे. रमजानमध्ये अम्मीला ते सोयीचे पडे, कारण सहेरीसाठी उठायचेच असे. शेजारच्या काकू तेवढा महिना गमतीने म्हणत, ‘आता तुमच्याबरोबर आमचाही रोजा.’ अम्मी नळावर गेली की काकू तिच्या शेगडीकडे लक्ष ठेवत, आणि काकूंच्या घरी चतुर्थीला पाहुणे आले की अम्मी आपल्या दोन कळश्या त्यांच्या पिंपात ओतत असे. भांडणेही जोरात होत. पण भांडण पाण्यावरून होई, दुसऱ्या कशावरून नाही. अब्बा वजूसाठी एक तांब्या मोजून घेत आणि आम्हालाही तसेच शिकवत. ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ मी पहिल्यांदा त्या तांब्यात पाहिला.

मोजलेले आणि न मोजलेले

१९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत साडेएक्केचाळीस लाख माणसे होती आणि त्यांतली दोन तृतीयांश बेटावरच्या शहरात राहत होती. २०११ मध्ये हे चित्र उलटे झाले. १ कोटी २४ लाखांपैकी ९३ लाखांहून अधिक माणसे उपनगर जिल्ह्यात होती. ही माणसे सगळीच सोसायट्यांत राहत नव्हती. गिरण्या, कारखाने, बांधकामे, घरकामे करणारी माणसे टेकड्यांवर, नाल्यांकाठी, तानशाच्या वाहिनीलगत राहिली. डोक्याशी शहराचे पाणी वाहते आहे आणि हंडा मात्र दुसऱ्याच्या नळावरून विकत आणायचा, अशी कुटुंबे वाहिनीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

१९७६ मध्ये सरकारने झोपड्यांची गणना केली आणि मोजलेल्यांना ओळखपत्रे दिली. तेव्हापासून पाणी हे मोजले जाण्याशी बांधले गेले. पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, नंतर १ जानेवारी २०००. त्या तारखेआधीचा पुरावा असेल तर पाच-दहा घरांनी मिळून नळजोडणी घ्यायची. पुरावा नसेल तर टँकर, नाहीतर शेजाऱ्याची मेहेरबानी, नाहीतर चोरीची जोडणी. तहान मात्र तारीख बघत नाही.

हा प्रश्न पाणी हक्क समितीने मुंबई उच्च न्यायालयात नेला. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की पाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे; झोपडी बेकायदा आहे म्हणून तिच्यात राहणाऱ्या माणसाला पाण्यावाचून ठेवता येणार नाही. सगळ्यांना सारखेच पाणी द्या किंवा एकाच दराने द्या, असे न्यायालयाने म्हटले नाही. पण धोरण करा, असे महापालिकेला बजावले. त्यानंतरही अपवादांच्या याद्या चालू राहिल्या. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर व्हायला २०२२ साल उजाडले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एकसष्टाव्या कलमात ‘पुरेसा’ होता. ‘सर्वांसाठी’ हा शब्द त्याच्या शेजारी येऊन बसायला एवढा काळ लागला.

बोलणारे आणि न बोलणारे

उपनगरांच्या नागरिकांनी आवाज उठवला नाही, असे कोणी म्हणू नये. नव्वदच्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी महापालिकेशी हातमिळवणी करून आपल्या गल्लीचा कचरा, झाडे, पदपथ यांची व्यवस्था सुरू केली. ‘ए.एल.एम.’ या नावाने ती पद्धत मुंबईभर पसरली. २००० मध्ये प्रभाग समित्या आल्या, आणि बोरीबंदरला न जाता विभाग कार्यालयातच चर्चा होऊ लागली. हे चांगलेच झाले. पण ज्यांना सोसायटीचे लेटरहेड आहे, सकाळी अकराच्या बैठकीला जाण्याची सवड आहे, त्यांचा आवाज तिथे आधी पोहोचतो. रोजंदारीवरच्या माणसाला अकराची बैठक म्हणजे एक दिवसाची मजुरी. त्याचा आवाज पोहोचवायला आजही नगरसेवक लागतो, आणि तोही रस्त्यात गाठता येईल असा.

म्हणूनच ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या हाती कारभार राहिला, याची खंत वाटते. याआधी १९८४-८५ मध्ये प्रशासक आला होता, पण तो वर्षभरासाठी. या चार वर्षांत कामे थांबली नाहीत. रस्ते खणले गेले, काँक्रीट पडले, निविदा निघाल्या. थांबला तो प्रश्न विचारण्याचा हक्क. हरकतीचा मुद्दा घ्यायला सभागृहात कोणी नव्हते. आता सभागृह पुन्हा भरले आहे. तिथला गोंगाट ऐकून कंटाळा येईल तेव्हा ही चार वर्षे आठवावीत.

एक गोष्ट शेवटी सांगतो. मुंबईला आज सात तलावांतून दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येते. विहार आणि तुळशीचा वाटा त्यात अगदी थोडा. बाकी सारे बाहेरून, भातसा, तानसा आणि वैतरणेच्या खोऱ्यांतून येते. सगळ्यांत मोठा वाटा भातशाचा. २०१४ मध्ये मोखाड्याकडचे मध्य वैतरणा धरणही त्यात जमा झाले. याच शहापूर-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात, आणि तिथल्या बायका धरणाच्या कुशीत राहून हंडे घेऊन डोंगर उतरतात. शंभर वर्षांपूर्वी उपनगरांच्या दारावरून शहराचे पाणी जात होते. आज त्या पाड्यांच्या दारावरून आपले पाणी येते. तेव्हा हद्दीबाहेर आपण होतो, आता ते आहेत. त्यांचे नाव घ्यायला आपल्या सभागृहात त्यांचा नगरसेवक नाही. ते काम उपनगरांतून निवडून आलेल्यांनी करावे. हद्दीबाहेर राहून दारावरून जाणारे पाणी पाहणे म्हणजे काय, हे आजच्या मुंबईत उपनगरांइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)